रुतलेला चेंडू

जुलैचा पाऊस एकदा लागला की एटापल्लीत आमच्या शाळेचे मैदान म्हणजे धानाची बांधीच होते. मुले तरी खेळायची थांबत नाहीत. टेनिसच्या चेंडूने क्रिकेट चालते. उंच मारलेला चेंडू चिखलात पडला की उसळत नाही, थप् आवाज करून तिथेच बसतो, अर्धा आत, अर्धा बाहेर. मग वाद. अडवणारा म्हणतो, चेंडू फसला, धावा मोजायच्या नाहीत. मारणारा म्हणतो, तुझ्या हाताला काय झाले, काढ की.

गेल्या पावसाळ्यात असाच एक वाद माझ्यापर्यंत आला. दोन्ही बाजू ओरडत होत्या. तेवढ्यात सातवीतला एक मुलगा, घरी माडिया बोलणारा आणि वर्गात फारसे तोंड न उघडणारा, हळूच म्हणाला, "सर, तो आपोआप नाही रुतला. माझा पाय पडला होता त्याच्यावर."

त्याला कोणी विचारले नव्हते. कोणी पाहिलेही नव्हते. त्याच्याच संघाच्या चार धावा वाढल्या आणि त्याच्या मित्रांनी दिवसभर त्याच्याशी अबोला धरला. मला मात्र त्या क्षणी माझा मामेभाऊ आठवला आणि त्याच्याबरोबर दोन वर्षांपूर्वीचा तो बदलीचा फॉर्मही.

मामेभाऊ मुंबईत एका गोल्फ क्लबात कॅडी आहे. साहेब लोकांची पिशवी खांद्यावर घेऊन चालायचे, कुठली काठी घ्यावी ते सांगायचे, चेंडू पुसून द्यायचा. आमच्या घरात गोल्फ हा शब्द निघाला की बायका हसतात. श्रीमंतांचा खेळ, आपला काय संबंध? पण संबंध आहे. 1991 साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्ली गोल्फ क्लबात कॅडीगिरी करूनच वर आला होता. 1993 मध्ये त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. मामेभावाच्या खोलीत त्याचे वर्तमानपत्रातून कापलेले चित्र कितीतरी वर्षे भिंतीला होते.

कॅडी होण्याआधी मामेभाऊ 'आगेवाला' होता. आपल्याकडच्या गोल्फ मैदानांवरचा हा खास शब्द. साहेब चेंडू मारण्याआधी आगेवाला पुढे जाऊन उभा राहतो आणि चेंडू कुठे पडला त्यावर नजर ठेवतो. साहेब दोनशे पावले मागे असतो. म्हणजे चेंडूपाशी पहिला पोहोचणारा माणूस आगेवालाच. त्या दोन मिनिटांत तो आणि चेंडू, बाकी कोणी नाही.

रुतलेल्या चेंडूचा नियम मला त्यानेच समजावून सांगितला. एका ईदला तो वडसाला आमच्या घरी आला होता, तेव्हा शीरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवून त्याने चटईवर लिंबू ठेवले आणि चमच्याची काठी केली. गोल्फचा मूळ कायदा असा की चेंडू जिथे पडला तिथूनच मारायचा. झुडपात पडला, खड्ड्यात पडला, तुमचे नशीब. पण ओल्या जमिनीवर उंचावरून आलेला चेंडू स्वतःच्याच माराने खड्डा करून त्यात बसतो. कॅडी त्याला 'प्लग झाला' म्हणतात. अशा वेळी खेळाडूला दंड न लागता सवलत मिळते. टी, म्हणजे चेंडू ठेवायची ती छोटी खुंटी, रोवून जागेची खूण करायची, चेंडू उचलायचा, पुसायचा, आणि त्या जागेच्या लगेच मागे, एका काठीच्या लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याइतक्या उंचीवरून तो सोडायचा. पूर्वी हात खांद्याइतका वर धरून सोडावा लागे. 2019 पासून गुडघा.

अटी मात्र आहेत. चेंडूचा काही भाग जमिनीच्या पातळीखाली असला पाहिजे. नुसता गवतात बुडालेला चेंडू रुतलेला नव्हे. वाळूच्या बंकरमध्ये ही सवलत नाही. आणि मुख्य अट ही की तो खड्डा त्या चेंडूने, तुमच्याच आधीच्या फटक्याने, हवेतून येऊन पाडलेला असला पाहिजे. कोणाच्या पायाखाली येऊन चेंडू दबला असेल तर तो या नियमाने 'रुतलेला' धरत नाहीत.

"आणि हे ठरवतं कोण?" मी विचारले. मी मास्तर, मला आधी पर्यवेक्षक कोण ते हवे असते.

"तोच. ज्याचा चेंडू तो."

मला हे खरेच वाटेना. खात्री नसेल तर खेळाडू खूण करून चेंडू उचलून पाहू शकतो. पूर्वी उचलण्याआधी सोबतच्या खेळाडूला तसे सांगावे लागे. 2019 च्या नव्या नियमांत तेही काढून टाकले. फक्त, रुतला होता हे नक्की होईपर्यंत चेंडू पुसायचा नाही, आणि रुतला नव्हता असे दिसले तर चिखलासकट होता तिथेच परत ठेवायचा. जगभर पसरलेला, पैशांनी भरलेला खेळ, आणि नियम करणाऱ्यांनी गृहीत धरले आहे की माणूस एकटा खाली वाकला असताना खरेच बोलेल.

नेहमी तसे होते असे नाही. 30 जानेवारी 2021 रोजी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टॉरी पाइन्सच्या मैदानावर एका मोठ्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत पॅट्रिक रीडचा चेंडू दहाव्या होलच्या डावीकडच्या दाट गवतात गेला. त्याने जवळच्या स्वयंसेविकेला विचारले, उसळला का? ती म्हणाली, नाही. रीडने सोबत्यांना सांगितले, खूण केली, चेंडू उचलून बाजूला ठेवला आणि मग अधिकाऱ्याला बोलावले. अधिकाऱ्याने बोट घालून पाहिले, खड्ड्याची कड लागते म्हणाला, सवलत मिळाली. पण टीव्हीच्या चित्रणात चेंडू एक टप्पा घेऊन मग थांबलेला स्पष्ट दिसत होता. टप्पा घेतलेला चेंडू दुसऱ्यांदा पडताना जमिनीत कसा रुतेल? गहजब झाला. स्पर्धेच्या चालकांनी सांगितले, त्याने नियम मोडला नाही; त्या क्षणी जी माहिती होती तिच्यावर वाजवी निर्णय घेतला. दुसऱ्या दिवशी रीड पाच फटक्यांनी जिंकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण अनेकांच्या मनात काटा राहिला.

त्याच दिवशी, त्याच मैदानावर, अठराव्या होलला रॉरी मॅकिलरॉयनेही चेंडू रुतला म्हणून सवलत घेतली. त्याने तर अधिकाऱ्यालाही बोलावले नाही, सोबत्यांना सांगून मोकळा झाला. त्याच्यावर जवळजवळ कोणी बोट ठेवले नाही. नंतर समजले की चेंडू शोधताना एका स्वयंसेवकाचा पाय चुकून त्याच्यावर पडला होता. म्हणजे त्याचाही चेंडू नियमाच्या अर्थाने रुतलेला नव्हताच. गंमत अशी की त्याला हे तेव्हाच कळले असते तरी सवलत मिळालीच असती, फक्त दुसऱ्या नियमाखाली, दुसऱ्या दाराने. पण त्याला ते माहीत नव्हते आणि त्याने जे पाहिले त्याबद्दल तो खरे बोलला.

बाहेरून पाहिले तर दोघांनी एकच केले. वाकले, बोट घातले, चेंडू उचलला. फरक असेल तर तो आत होता, आणि आतले कॅमेऱ्याला दिसत नाही. रीडच्या मनात काय होते ते मलाही माहीत नाही, म्हणून त्याला मी चोर म्हणणार नाही. बदगुमानी हाही गुनाहच आहे. मात्र अधिकारी 'हो' म्हणाला एवढ्याने प्रश्न संपतो का, हा विचार मला सोडेना. बुखारी आणि मुस्लिम या दोन्हींत हजरत उम्मे सलमा (रजि.) यांची रिवायत आहे. तिचा आशय असा की रसूलुल्लाह (स.) यांनी फिर्याद घेऊन येणाऱ्यांना बजावले : मीही माणूस आहे, तुमच्यातला एखादा बोलण्यात चतुर असेल आणि त्याचे ऐकून मी त्याच्या भावाचा हक्क त्याला देऊन बसेन, तर त्याने तो घेऊ नये, तो आगीचा तुकडा आहे. प्रत्यक्ष पैगंबरांच्या निवाड्याने जिथे खोटा हक्क हलाल होत नाही, तिथे एखाद्या पंचाच्या, डॉक्टरच्या किंवा साहेबाच्या सहीने कसा होईल?

आता अब्बांबद्दल. ते आलापल्लीच्या लाकूड डेपोत नोकरीला होते. सागाचा लठ्ठा पाहून नुसत्या नजरेने घनफूट सांगायचे. निवृत्त होऊन आम्ही वडसाला घर केले, तेव्हा त्यांना साखरेचा आजार जडलेला होता, इन्सुलिन सुरू होते. 2018 चा रमजान भर मे महिन्यात आला. आमच्याकडे मे म्हणजे काय ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकांना सांगायला नको. डॉक्टरांनी रोजा मना केला. मौलाना साहेबांनी घरी येऊन समजावले की आजाऱ्याला अल्लाहनेच सूट दिली आहे, बरे होण्याची आशा नसेल तर फिदिया द्या, एका रोजाबद्दल एका गरिबाला जेवण. अब्बांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सहरीला उठून बसले.

सहाव्या रोजाला असरच्या नमाजीत ते सजद्यातून उठलेच नाहीत. साखर पार खाली गेली होती. गाडी करून ब्रह्मपुरीला नेले. दोन दिवस ते कोणाला ओळखत नव्हते. वाचले, अल्हम्दुलिल्लाह. पण नंतर फिदियाचे पैसे मोजताना त्यांचा चेहरा असा होता जणू दंड भरत आहेत. "सवलत दुबळ्यांसाठी असते," ते म्हणाले. मौलाना साहेब त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांनी फार शांतपणे उत्तर दिले, "मग आपण कोण आहोत, शेख साहेब?"

शरीयतमध्ये याला रुखसत म्हणतात. पाणी नाही तर तयम्मुम. प्रवासात चारऐवजी दोन रकात. मी वडसाहून एटापल्लीला येताना दर वेळी हा हिशेब करतो. हनफी मतानुसार 48 मैल, म्हणजे सुमारे 77 किलोमीटरच्या पुढचा प्रवास असला की कसर. म्हणून गडचिरोलीच्या बसस्टँडवर माझी जोहर दोन रकात, आणि वडसा हे माझे वतन-ए-असली, तिथे पाय ठेवला की पूर्ण चार. त्यात लाजायचे काय? अल्लाहला त्याने दिलेल्या सवलती वापरलेल्या आवडतात, अशा अर्थाची हदीसही आहे. पण रुखसतला तिची हद्द आहे. पाणी मिळाले की तयम्मुम संपला. थंडीचा कंटाळा आला म्हणून भरलेल्या माठाशेजारी बसून कोणी मातीवर हात मारला, तर ती नमाज कशी होईल?

बदलीच्या फॉर्मचे सांगतो. शिक्षक वाचकांना हे पाठ असेल, बाकीच्यांसाठी थोडक्यात : आमच्या बदल्या ऑनलाइन होतात. दुर्गम गावे 'अवघड क्षेत्र' म्हणून धरली जातात. ज्यांना गंभीर आजार किंवा दिव्यांगत्व आहे, अशांचा एक विशेष संवर्ग आहे आणि त्यांना जागा निवडायची संधी आधी मिळते. ही मोठी न्यायाची तरतूद आहे. कॅन्सरशी झुंजणाऱ्या बाईंनी जंगलातल्या शाळेत का राहावे?

दोन वर्षांपूर्वी मला एटापल्ली तालुक्यात आठ वर्षे झाली होती. बायको आणि मुलगी वडसाला, मी इथे भाड्याच्या खोलीत. मुलगी दहावीला. अब्बांच्या इंतकालच्या वेळीही मी रस्त्यात होतो. पुलावरून पाणी होते, जनाजा थांबवून ठेवला होता. त्याआधी मला मणक्याचा त्रास झाला होता. एक नस दबली होती, दोन महिने रजा घेऊन पालथा पडून होतो. एमआरआय काढला होता. नंतर व्यायामाने बरे वाटले. इतके, की मुलांबरोबर मी कबड्डी खेळत होतो.

ओळखीच्या एका माणसाने विचारले, "सर, तुमच्याकडे एमआरआय आहे ना? मग चाळीस टक्क्यांचं पाहून घेऊ की." चाळीस टक्के दिव्यांगत्व कागदावर आले की काम झाले. खर्च त्याने सांगितला. तो मला परवडणारा होता, ही खरी अडचण.

मी स्वतःला काय काय सांगितले ते लिहायला संकोच वाटतो. एमआरआय खोटा नाही. दुखले होतेच. पुन्हा दुखणार नाही कशावरून? सगळेच करतात. आणि आठ वर्षे कमी आहेत का? एका रात्री फॉर्म उघडून बसलो. संवर्गाच्या चौकटीत खूण केली. कागद जोडायचा बाकी होता. नेटवर्क गेले. एटापल्लीत ते जातेच, त्यात गैबी इशारा वगैरे काही नाही. पण परत येईपर्यंत वेळ होता आणि मी मामेभावाला फोन लावला. खरे तर मला त्याच्याकडून हो म्हणवून घ्यायचे होते. तो व्यवहारी माणूस आहे.

त्याने ऐकून घेतले आणि स्वतःचीच गोष्ट सांगितली. आगेवाला असताना पावसाळ्यात एकदा त्याच्या नेहमीच्या साहेबाचा चेंडू झाडाच्या मुळाला लागून पडला. तिथून काठी फिरवणेच शक्य नव्हते. साहेब मागे होते. त्याने चेंडू पायाच्या अंगठ्याने दोन हात बाजूला ढकलला आणि टाचेने मऊ मातीत दाबला. साहेब आले, "प्लग झालाय का?" म्हणाले. हा म्हणाला, "जी साब." त्यांनी नियमाप्रमाणे चेंडू उचलला, पुसला, सोडला आणि छान मारला. संध्याकाळी शंभराची नोट बक्षीस दिली. "साहेबाचं काही चुकलं नव्हतं रे," मामेभाऊ म्हणाला. "त्यांना काय माहीत. पण हरलेला दुसरा साहेब जाताना माझ्याकडे बघून हसला, बेटा, छान नजर आहे तुझी म्हणाला. ती शंभराची नोट मी मस्जिदीच्या डब्यात टाकली. तरी ते हसणं जात नाही."

मग तो म्हणाला, "भाईजान, तुमच्या चेंडूवर पाय कोणाचा आहे ते बघा. बाकी तुम्ही शिकलेले आहात."

वडसाजवळ त्या वर्षी रिकाम्या जागा मोजक्या होत्या. मी आधी निवड केली असती तर यादीत माझ्यापुढचा कोणीतरी मागे सरकला असता. तो कोण, हे मला कधी कळलेही नसते. आणि ज्याचे नावच माहीत नाही त्याच्याकडे हक्क मारल्याची माफी मागायची कशी? नमाज राहिली तर कजा आहे, रोजा राहिला तर कजा आहे. हुकूकुल इबादला कजा नाही. ज्याचे घेतले त्यालाच गाठावे लागते. नेटवर्क आल्यावर मी चौकटीतली खूण काढली. फॉर्म साधाच भरला. वडसा मिळाले नाही.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट माझ्या बढाईची झाली असती. पण बायकोने ती तशी राहू दिली नाही. पुढच्या हिवाळ्यात माझे दुखणे परत आले. बसमध्ये दीड तास उभे राहिलो की डावा पाय बधिर होतो, फळ्यावर खालच्या ओळी लिहिताना वाकवत नाही. मी कोणाला सांगितले नाही. बायकोच्या लक्षात आले ते मी सजद्यातून हाताला जोर देऊन उठत होतो तेव्हा.

"दाखवून या," ती म्हणाली.

मी म्हणालो, आता जाऊन दाखल्यासाठी उभा राहिलो तर लोक काय म्हणतील? मागच्या वेळी जमले नाही म्हणून पुन्हा आला, असेच ना? शिवाय मलाही वाटेल की मी तेच करतोय.

तिने हातातला तांदूळ निवडणे थांबवले नाही. "अब्बांनी सहा रोजे ठेवले होते," एवढेच म्हणाली.

मला राग आला. रात्रभर राहिला. कारण ती बरोबर होती. मी कागद जोडला नाही तो हक्क नव्हता म्हणून. आता डॉक्टरकडे जात नाही तो माझ्या नावाला जपण्यासाठी. गोल्फमध्ये खरोखर रुतलेला चेंडू न उचलता चिखलातूनच मारणाऱ्याला कोणी बक्षीस देत नाही. मामेभावाला विचारले तर तो हसला. म्हणाला, असे साहेब असतात. दोनदा चिखल उडवतात, कपडे खराब करतात, चेंडू तिथेच राहतो, आणि मागचे लोक खोळंबतात.

वर्गात माझ्या मागे खोळंबणारे लोक बत्तीस आहेत. मी बसून शिकवतो आणि फळ्याची खालची अर्धी बाजू कोरी राहते, हे त्यांनी माझ्या आधी ओळखले होते. त्या मुलाने, ज्याचा चेंडूवर पाय पडला होता, एक दिवस न सांगता येऊन खालच्या ओळी स्वतः लिहून दिल्या. त्याचे मराठी जोडाक्षर अजून चुकते. मी ते दुरुस्त करायला वाकलो नाही, त्यालाच सांगून करून घेतले.

आता तपासणीसाठी तारीख घेतली आहे. ओळख काढलेली नाही, कोणाला फोन केलेला नाही, रांगेत उभे राहायचे आहे. जितके टक्के निघतील तितके निघतील. बारा निघाले तर बारा. जुना एमआरआय बरोबर न्यावा की नाही, यावर अजून आमचे एकमत नाही. मी म्हणतो नवीनच काढू द्या. बायको म्हणते न्या, तो कुठे खोटा आहे, फक्त त्याच्यावरची तारीख झाकू नका.